समाज तयार होईपर्यंत

समलिंगी व्यक्तींच्या हक्कांना थेट 'नको' म्हणणाऱ्यांपेक्षा 'इतक्यात नको' म्हणणारी माणसे जास्त भेटतात. 'आमचा व्यक्तिशः विरोध नाही, पण समाज अजून तयार नाही' हे वाक्य संसदेत, न्यायालयात आणि घरच्या गप्पांतही ऐकू येते. ते सभ्य वाटते, कारण त्यात बोलणाऱ्याकडे काहीच दोष येत नाही. सगळा भार 'समाज' नावाच्या, त्या वेळी तिथे हजर नसलेल्या कोणावर तरी टाकलेला असतो. पण या वाक्यात एक दावा दडलेला आहे आणि तो तपासून पाहता येतो. आधी लोकांचे मत बदलते आणि मग कायदा त्यामागून चालत येतो, असा तो दावा. गेल्या साठ-सत्तर वर्षांत इतक्या देशांनी या बाबतीत इतक्या निरनिराळ्या वाटा चोखाळल्या आहेत की, आता अंदाजावर विसंबण्याचे कारण उरलेले नाही. त्यांचा अनुभव पाहिला तर क्रम बहुतेक ठिकाणी याच्या उलट किंवा निदान बराच गुंतागुंतीचा दिसतो. समाज तयार नसण्याचे एक मोठे कारण खुद्द जुना कायदाच असतो.

'आधी समाज, मग कायदा' याचा दाखला म्हणून आयर्लंडचे नाव हमखास घेतले जाते. २२ मे २०१५ रोजी तिथे सार्वमत झाले, ६२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाच्या बाजूने कौल दिला आणि लोकांच्या थेट मतदानाने हा हक्क देणारा आयर्लंड हा जगातला पहिला देश ठरला. कॅथलिक चर्चचा पगडा इतका की, तिथली घटस्फोटावरची बंदीदेखील १९९५ साली अगदी निसटत्या बहुमताने उठली होती. अशा देशात हा कौल म्हणजे समाज आपोआप पिकल्याची खूण वाटते. पण ही गोष्ट २०१५ मध्ये सुरू होत नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या डेव्हिड नॉरिस यांनी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या, ब्रिटिश अमदानीतल्या १८६१ आणि १८८५ च्या कायद्यांना आव्हान दिले होते. १९८३ मध्ये आयरिश सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ते फेटाळले. नॉरिस स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि १९८८ मध्ये जिंकले. सरकारने आणखी पाच वर्षे काढली आणि १९९३ मध्ये गुन्ह्याचे कलम रद्द केले. त्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष म्हणून सही केली ती मेरी रॉबिन्सन यांनी, ज्या पूर्वी नॉरिस यांच्या वकील होत्या. पुढे १९९८ मध्ये नोकरीतल्या भेदभावावर बंदी आली, २०१० मध्ये नागरी भागीदारीचा कायदा झाला आणि त्यानंतर सार्वमत आले.

म्हणजे २०१५ चा आयरिश मतदार बावीस वर्षे अशा देशात राहत होता, जिथे आपण समलिंगी आहोत हे सांगितल्याने कोणी गुन्हेगार ठरत नव्हते. या बावीस वर्षांत काय घडले असेल, हे समजायला मोठ्या सिद्धान्ताची गरज नाही. ज्या गोष्टीसाठी तुरुंगवास होऊ शकतो, ती गोष्ट माणूस आईवडिलांना सांगत नाही, कचेरीत सांगत नाही, घरमालकाला तर मुळीच सांगत नाही. मग आजूबाजूच्यांची खात्रीच असते की, आपल्यात असे कोणी नाही; हे सगळे बातम्यांतल्या, परदेशातल्या किंवा बिघडलेल्या माणसांचे प्रकार आहेत. ज्याला आपण ओळखत नाही त्याच्याविषयी भीती बाळगणे सोपे असते. गुन्ह्याचे कलम गेले की माणसे हळूहळू बोलू लागतात. मग प्रश्न 'त्या लोकांचा' राहत नाही, तो आपल्या भाचीचा किंवा शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याचा होतो. लोकमत बदलण्याची जी अट आहे, म्हणजे ओळख होणे, तीच जुना कायदा अडवून धरतो. म्हणून 'मत बदलले की कायदा बदलू' ही भूमिका स्वतःच्या शेपटीमागे धावत राहते.

या भूमिकेची सर्वांत तगडी मांडणी ब्रिटनमध्ये झाली होती. १९५७ साली वुल्फेंडन समितीने शिफारस केली की, प्रौढ पुरुषांमधले खासगी आणि संमतीचे संबंध गुन्हा मानू नयेत, कारण नीतीच्या प्रत्येक प्रश्नात कायद्याने नाक खुपसण्याचे कारण नाही. त्यावर न्यायमूर्ती पॅट्रिक डेव्हलिन यांचे उत्तर असे होते की, समाज सामाईक नीतीने बांधलेला असतो. तो धागा तुटला तर समाज विस्कटतो, म्हणून स्वतःच्या रक्षणासाठी नीतीभंगाला शिक्षा करण्याचा त्याला अधिकार आहे. तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी यातले कच्चे ठिकाण दाखवले. लैंगिक नीतीतल्या बदलाने एखादा समाज कोसळल्याचा पुरावा कुठे आहे? आणि समाजाची आजची नीती म्हणजेच समाज अशी व्याख्या केली, तर कोणताही बदल विनाशच ठरेल. संसदेला शिफारस स्वीकारायला दहा वर्षे लागली. १९६७ चा कायदा इंग्लंड आणि वेल्सपुरता होता, वयाची अट २१ होती. स्कॉटलंडला तशी तरतूद मिळायला १९८० उजाडले आणि उत्तर आयर्लंडला १९८२, तेही स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने १९८१ मध्ये फटकारल्यावर. डेव्हलिन यांनी वर्तवलेला विनाश काही झाला नाही. मात्र १९८८ मध्ये थॅचर सरकारच्या काळात कलम २८ आले आणि स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेचा 'प्रसार' करण्यावर बंदी आली. ती इंग्लंड-वेल्समध्ये २००३ पर्यंत टिकली. सुधारणेचा रस्ता सरळ चढणीचा नसतो, हे यातून दिसते.

आपल्याकडे या वादात एक आक्षेप हटकून येतो: हे सगळे पाश्चात्त्य फॅड आहे, आपल्या संस्कृतीत ते बसत नाही. इतिहासाच्या नोंदी पाहिल्या तर बाहेरून आले ते कलम. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५३३ साली या संबंधांना देहान्ताची शिक्षा लावली. तीन शतकांनंतर मेकॉलेच्या आयोगाने भारतासाठी दंडसंहितेचा मसुदा केला. १८६० मध्ये ती संहिता मंजूर झाली आणि १८६२ पासून कलम ३७७ लागू झाले. त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. याच धाटणीची कलमे सिंगापूर, मलाया, ब्रह्मदेश, केनिया, युगांडा अशा वसाहतींत पोचली, आणि कोणत्याही वसाहतीच्या प्रजेला तिचे मत विचारलेले नव्हते. उलट फ्रान्सने १७९१ मध्येच हा गुन्हा आपल्या संहितेतून वगळला होता. याचा अर्थ वसाहतींपूर्वी सगळे आलबेल होते, असा मुळीच नाही. आपल्या धर्मग्रंथांतही या संबंधांसाठी प्रायश्चित्ते सांगितलेली आहेत, आणि जुन्या काळी सहिष्णुता होती म्हणून हक्क द्या असे म्हणणे धोक्याचे आहे. कारण मग जुन्या काळी सहिष्णुता नव्हती असे कोणी दाखवले की हक्क संपला. नागरिकाचा हक्क पूर्वजांच्या मतावर टांगलेला नसतो. इतकेच ध्यानात घ्यावे की, ज्या कायद्याला 'आपली संस्कृती' म्हणून जपले गेले, तो लंडनहून आलेला होता.

महाराष्ट्राला 'समाज तयार नाही' या वाक्याचा जुना परिचय आहे. १८५६ साली विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली, तेव्हा विरोधातल्या अर्जांवरच्या सह्या पाठिंब्याच्या सह्यांपेक्षा कितीतरी पट जास्त होत्या. कायद्याला ३७ वर्षे झाल्यावर, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्व्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केले, तर त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. कायद्याने समाज बदलत नाही, याचा हा पुरावा आहेच. पण त्यातच दुसरी बाजूही आहे: कायदा नसता तर ते लग्न कायद्याच्या लेखी लग्नच ठरले नसते आणि त्यांच्या मुलांचा वारसाहक्कही अडचणीत आला असता. बहिष्कार सोसूनही उभे राहायला जी जमीन लागते, ती त्या कायद्याने दिली. याच कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ यांच्यावर १९३४ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिकासाठी अश्लीलतेचा खटला झाला. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी शास्त्रीय उत्तरे दिली, हा त्यांचा अपराध. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला ते हरले, पण लोकांना अप्रिय वाटणारे ज्ञानही बोलता आले पाहिजे, ही भूमिका नोंदली गेली.

पुढे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना आंबेडकरांनी जो विचार मांडला, तो साठेक वर्षांनी या प्रश्नाच्या केंद्रस्थानी आला. घटनात्मक नैतिकता ही माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते, असे त्यांचे म्हणणे होते. २ जुलै २००९ रोजी न्या. अजित प्रकाश शहा आणि न्या. एस. मुरलीधर यांच्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या पीठाने नाझ फाउंडेशनच्या खटल्यात, प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते कलम ३७७ घटनाबाह्य ठरवताना, हाच आधार घेतला आणि लोकांची रूढ नैतिकता व घटनेची नैतिकता यांत फरक केला. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. त्या वेळी दिलेल्या कारणांपैकी एक असे होते की, ही लोकसंख्या अगदी नगण्य आहे आणि दीडशे वर्षांत दोनशेहून कमी जणांवर खटले झाले आहेत. हा युक्तिवाद मूलभूत हक्कांच्या कल्पनेलाच छेद देणारा होता. संख्येने मोठे असलेल्यांना निवडणूक असते. मूलभूत हक्कांचे प्रकरण घटनेत घालावे लागते ते ज्यांच्याकडे संख्या नाही त्यांच्यासाठी. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने ही चूक दुरुस्त केली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम उरलेच नाही.

लोकमताच्या पुढे जाऊन हक्क देणारा सर्वांत ठळक देश म्हणजे दक्षिण आफ्रिका. वर्णभेदाची राजवट भोगलेल्या या देशाने १९९६ च्या घटनेत लैंगिक कल हा शब्द समानतेच्या कलमातच लिहिला. बहुसंख्य लोकांचा समलिंगी संबंधांना तेव्हा पाठिंबा नव्हता. पण भेदभाव काय करतो हे ज्यांनी अनुभवले होते, त्यांना 'हा भेदभाव चालेल, तो चालणार नाही' अशी यादी करायची नव्हती. १ डिसेंबर २००५ रोजी घटनात्मक न्यायालयाने न्या. अल्बी सॅक्स यांनी लिहिलेल्या निकालात विवाहाचा कायदा घटनाबाह्य ठरवला आणि संसदेला एक वर्ष दिले. त्यात दुरुस्ती झाली नाही तर कायद्याच्या मजकुरात आवश्यक शब्द आपोआप वाचले जातील, असेही बजावले. मुदत संपता संपता, ३० नोव्हेंबर २००६ रोजी, कायदा लागू झाला. तरीही तिथल्या वस्त्यांत समलिंगी स्त्रियांवर 'सुधारण्याच्या' नावाखाली बलात्कार होत राहिले, खून झाले. कायदा पुरेसा नाही, हे यातून सिद्ध होते. कायदा नको, हे मात्र सिद्ध होत नाही. ज्या पोलिसाकडे तक्रार करायची, त्याच्या लेखी तक्रारदार स्वतःच गुन्हेगार असेल, तर त्या स्त्रीने जायचे कुठे?

तैवानमध्ये तर लोकमत आणि कायदा यांचा सामना मोजूनच झाला. २४ मे २०१७ रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने दोन वर्षांत समलिंगी जोडप्यांच्या विवाहाची तरतूद करा, असा आदेश दिला. नोव्हेंबर २०१८ मधल्या सार्वमतात मतदारांनी मोठ्या बहुमताने सांगितले की, दिवाणी संहितेतला विवाह स्त्री-पुरुषांपुरताच ठेवा. सरकारने संहितेला हात न लावता स्वतंत्र कायदा केला, आणि १७ मे २०१९ रोजी तो मंजूर होऊन तैवान असे पाऊल उचलणारा आशियातला पहिला देश झाला. त्यानंतर काय झाले? सरकारी पाहण्यांनुसार २०१८ मध्ये पाठिंबा देणारे ३७ टक्क्यांच्या आसपास होते. चारच वर्षांत ते ६० टक्क्यांच्या पलीकडे गेले. २०२३ मध्ये संसदेनेच पुढे जाऊन दत्तक घेण्याचा पूर्ण हक्कही दिला. अमेरिकेतही हेच घडले होते. १९६७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरवर्णीय विवाहावरची बंदी उठवली, तेव्हा अशा विवाहांना मान्यता देणारे लोक जेमतेम २० टक्के होते. बहुमत त्या बाजूला झुकायला १९९० चे दशक उजाडले. तोपर्यंत त्या जोडप्यांनी थांबावे, असे आज कोणी म्हणणार नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. न्यायालये लोकांच्या फार पुढे गेली तर उलटी लाट येते. १९९३ मध्ये हवाईच्या न्यायालयाने समलिंगी विवाहाच्या बाजूने कल दाखवला, तर १९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने केंद्रीय पातळीवर अशा विवाहांना मान्यता नाकारणारा कायदा केला, आणि त्यावर बिल क्लिंटन यांनी सही केली. कॅलिफोर्नियात मे २००८ मध्ये न्यायालयाने दिलेला हक्क नोव्हेंबरच्या मतदानात ५२ टक्क्यांनी काढून घेतला. बर्म्युडात न्यायालयाने २०१७ मध्ये दिलेला विवाहाचा हक्क संसदेच्या कायद्याने पुढच्याच वर्षी काढून घेतला. पण या दाखल्यांतून निष्कर्ष काय निघतो, ते नीट पाहावे. उलटी लाट न्यायालयाची वाट पाहत नाही. युगांडात कोणत्याही न्यायालयाने समलिंगी विवाह मान्य केला नव्हता, तरी २०२३ मध्ये काही प्रकारांसाठी देहान्ताची शिक्षा असलेला कायदा आला. दुसरे असे की, अमेरिकेत अखेर २०१५ मध्ये न्यायालयानेच देशभर हक्क दिला. आणि २०२२ मध्ये गर्भपाताचा हक्क त्याच न्यायालयाने काढून घेतल्यावर घाबरून काँग्रेसने समलिंगी विवाहांना मान्यता देणारा कायदा केला. आक्षेपातला खरा धडा असा: न्यायालय दार उघडू शकते, ते उघडे ठेवण्यासाठी विधिमंडळ लागते. भारतातही २००९ ला मिळालेले २०१३ ला गेले, ते केवळ निकालावर उभे होते म्हणून.

गुन्हा नसणे आणि समान नागरिक असणे यांत किती अंतर आहे, ते समलिंगी विवाहाला मान्यता मागणाऱ्या सुप्रियो खटल्यातल्या, सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने दाखवले. पाचही न्यायाधीशांनी विशेष विवाह कायद्याची फेररचना करायला नकार दिला, आणि नागरी भागीदारी व दत्तक या मुद्द्यांवर तीन विरुद्ध दोन असा निकाल लागला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड अल्पमतात राहिले. सरकारने समिती नेमली. २०२४ मध्ये संयुक्त बँक खाते आणि रेशनकार्ड यांबाबत खुलासे निघाले. ते उपयोगी आहेत, पण परिपत्रक आज निघते आणि उद्या मागेही घेता येते. वीस वर्षे एकत्र संसार केलेल्या दोघांपैकी एकजण मृत्युपत्र न करता गेला, तर वारस म्हणून कायदा दूरच्या पुतण्याला ओळखतो, सोबत्याला नाही. खात्यावर नाव लावले असले तरी नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही. कुटुंब-निवृत्तिवेतन नाही, अनुकंपा नोकरी नाही. दत्तक घेताना एकाच सोबत्याला, एकटा पालक म्हणून, अर्ज करता येतो. दुसऱ्याचे त्या मुलाशी कायद्याने काहीच नाते नसते. 'मुलांचे काय होईल' असे विचारणाऱ्यांनी हे आधी पाहावे: मुले अशा घरांत आजच वाढत आहेत, आणि दोन पालकांपैकी एकावरच त्यांचा कायदेशीर हक्क आहे. धर्माचा आक्षेपही येथे लागू पडत नाही. विशेष विवाह कायद्याच्या लग्नात भटजी, काझी किंवा पाद्री लागत नाही. ब्रिटनच्या २०१३ च्या कायद्याने तर कोणत्याही धर्मसंस्थेवर सक्ती केली नाही आणि चर्च ऑफ इंग्लंडला स्पष्टपणे वगळले.

आता आशियात दोन नमुने समोर आहेत. सिंगापूरच्या संसदेने नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटिशांचे कलम ३७७ए रद्द केले, पण त्याच वेळी घटनेत दुरुस्ती करून विवाहाच्या व्याख्येला न्यायालयात आव्हान देण्याची वाट बंद केली. गुन्हा गेला, समानता दाराबाहेर राहिली. थायलंडमध्ये २०२१ साली घटनात्मक न्यायालयाने, सुप्रियो निकालासारखेच, विवाह स्त्री-पुरुषांपुरता ठेवणारे कलम घटनेशी सुसंगत ठरवले. तिथे गोष्ट थांबली नाही. मार्च २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहाने ४०० विरुद्ध १० मतांनी विवाहसमतेचे विधेयक मंजूर केले, सिनेटने जूनमध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आणि २३ जानेवारी २०२५ पासून जोडपी नोंदणी करू लागली. थायलंडात समाजही बऱ्याच अंशी तयार होता, हे मान्य करावे. तसे असले की न्यायालयाची गरज कमी लागते. पण यातून हेही दिसते की, न्यायालयाचा नकार हा शेवट नसतो. 'हा विषय संसदेचा आहे' असे म्हणणाऱ्यांनी मग संसदेला तो घ्यायला लावले पाहिजे.

भारताच्या संसदेत तो विषय दारापर्यंत आलेला आहे. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात समलिंगी विवाहाची तरतूद करणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. खासगी विधेयकांचे आपल्याकडे काय होते, हे उघड आहे. १९७० नंतर त्यांतले एकही मंजूर होऊन कायदा झालेले नाही. तेव्हा ते मंजूर होईल ही अपेक्षा भाबडी ठरली असती. पण त्यावर चर्चा होणे, खासदारांनी कोणत्या कारणासाठी नको म्हणतो ते सभागृहात उभे राहून सांगणे आणि ते इतिवृत्तात नोंदले जाणे, एवढी अपेक्षा रास्त आहे. एका बाजूला न्यायालयात सरकारचे म्हणणे असे की, हा प्रश्न लोकप्रतिनिधींनी सोडवायचा. दुसऱ्या बाजूला लोकप्रतिनिधींनी तो विषयपत्रिकेवर घ्यायचाच नाही, ही टोलवाटोलवी झाली. संपूर्ण विवाहसमता एका झटक्यात नको वाटत असेल, तर वारसा, निवृत्तिवेतन, रुग्णालयातली संमती आणि दत्तक या चार ठिकाणी 'कुटुंब' या संज्ञेची व्याख्या रुंद करण्यापासून सुरुवात करता येईल. आयर्लंडने गुन्ह्याच्या कलमापासून विवाहापर्यंतचे अंतर असेच एकेक पायरी चढून कापले. आणि कोणत्याही पायरीवर नको म्हणायचे असेल, तर एका नागरिकाला मिळते ते दुसऱ्याला का मिळू नये, याचे कारण नको म्हणणाऱ्याने द्यायचे असते. मागणाऱ्याने आधी बहुमत गोळा करून आणायचे, अशी अट आपल्या घटनेने कोणत्याही मूलभूत हक्काला घातलेली नाही.